नाव ठेवायला जागा

“आणि हा काळा ठिपका कशाचा?” मी विचारलं.

प्रश्न तसा साधा होता. पण तो ऐकताच इम्तियाजभाईंना वायरिंगचं काहीतरी तातडीचं आठवलं, रंगकामवाल्या दोघांना चहाची तलफ आली, आणि सुमनताई आहेर, ज्या एरवी एका प्रश्नाला तीन उत्तरं द्यायच्या, त्या खिडकीबाहेरच्या टेम्पोकडे बघत राहिल्या. टेम्पोत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“ताई, तुम्हालाच विचारतेय.”

“काय?”

“हा काळा ठिपका. लाल म्हणजे तातडीचं, पिवळा म्हणजे माल यायचाय, हिरवा म्हणजे ग्राहकाची मंजुरी बाकी. मग काळा म्हणजे काय?”

“काळा म्हणजे काळा,” ताई म्हणाल्या. “तुला काय करायचंय त्याच्याशी? जसा आहे तसा ने तिकडे.”

“तिकडे काळा रंगच नाहीये.”

आता मात्र ताई वळल्या. दाराशी पोचलेले इम्तियाजभाईही थांबले.

“काळा नाही?”

“गुलाबी आहे, आकाशी आहे, पिस्ता आहे. गडदात गडद म्हणजे वांगी.”

मंगळसूत्रात काळे मणीच मिळायचे नाहीत असं कुणी सांगावं, तसं ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, “वांगी तर वांगी. पण एकही गाळू नकोस. सगळे ने.”

ही गोष्ट नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली. आता तिला बरीच वर्षं झाली. आमची कंपनी शाळांसाठी आणि संग्रहालयांसाठी विज्ञानाची प्रदर्शनं बनवायची. हातानं फिरवायचे ग्रह, या टोकाला कुजबुजलं की त्या टोकाला ऐकू येणाऱ्या नळ्या, करंगळीनं अख्ख्या हेडमास्तरांना उचलता येईल अशी तरफ. मालक हेमंत कोठावदे, म्हणजे आमचे सर, इंजिनियर आणि कडवे बुद्धिवादी. नवीन मशीन आलं की ते मुद्दाम अमावास्येला चालू करायचे. दारावर कुणी लिंबू-मिरची बांधली तर लिंबाचं सरबत करून पिऊन टाकायचे आणि मिरची भजीवाल्याकडे पाठवायचे. त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून होत्या सुमनताई. लाकूडकाम वडिलांकडून शिकलेल्या, आणि लाकडाचं, रंगाचं सगळं वर्कशॉप सांभाळणाऱ्या. मी तिथं नवी होते. पद समन्वयकाचं, काम पडेल ते.

तेव्हा पडलेलं काम असं होतं. आमचा सगळा कारभार संगणकावरच्या एका बोर्डावर चालायचा. प्रत्येक प्रकल्पाचं एक पान, त्यावर प्रत्येक कामाचं एक कार्ड, काम झालं की कार्डावर टिक. हा बोर्ड इतका जुना आणि संथ झाला होता की सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणत. त्याच्या जागी सरांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. ते दिसायला देखणं, बोलायला गोड, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणारं, म्हणून त्याचं नाव पडलं ‘सूनबाई’. आजोबांच्या पोटातलं सगळं काढून सूनबाईंच्या स्वाधीन करायचं, हे माझ्याकडे आलं होतं.

घाई होती ती टिळेबाईंमुळे. वत्सला टिळे या निवृत्त मुख्याध्यापिका एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षा होत्या आणि संस्थेला अख्खं विज्ञान दालन उभारायचं होतं. एवढं मोठं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं, आणि ते आलं नाही तर काय होणार हेही सगळ्यांना माहीत होतं. सरांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना जमवून सांगितलं होतं. हे काम मिळालं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर वर्कशॉप बंद. माल बाहेरून करून घ्यायचा, आपल्याकडे फक्त ड्रॉइंग आणि वायरिंग ठेवायचं. हे सांगताना त्यांनी सुमनताईंकडे पाहिलं नव्हतं. ताईंनीही काही विचारलं नव्हतं, फक्त त्या दिवसापासून त्या सकाळी सगळ्यांच्या आधी यायला लागल्या.

टिळेबाईंची अट अशी की काम कुठवर आलंय ते त्यांना घरबसल्या बघता आलं पाहिजे. आजोबांना पाहुणे चालत नसत, सूनबाईंना चालत. शनिवारी सकाळी बाई स्वतः येऊन आमची जुनी कामं पडद्यावर बघणार होत्या आणि मग काय ते ठरवणार होत्या.

मी पहिली चाचणी घेतली, तर सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन तिकडे पोचलं. पानभर नुसती प्रश्नचिन्हं. इम्तियाजभाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, “पहिल्याच दिवशी एवढे प्रश्न विचारते? हिचं आपल्या घरात कसं निभायचं?” ते निस्तरलं. मग फोटो हलवले, ड्रॉइंग हलवली. नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डं सूनबाई घ्यायलाच तयार होईना, तेव्हा ‘माजी’ नावाचा एक माणूस तयार करून सगळी त्याच्या गळ्यात घातली. काळे ठिपके वांगी झाले. शुक्रवारी दुपारपर्यंत आजोबा रिकामे झाले आणि मी सरांना हौसेनं बोलावून आणलं.

तेव्हा सूनबाईंची एक खोड आम्हाला कळली. प्रत्येक प्रकल्पाच्या डोक्यावर ती एक गोल काढायची, आणि काम जितकं झालं असेल तितका तो हिरवा भरायची. आजोबांनी असली चहाडी कधी केली नव्हती. सरांनी कळवणची शाळा उघडली. नव्व्याण्णव टक्के. धुळ्याचं संग्रहालय, नव्व्याण्णव. मग त्यांनी अंधश्रद्धेवरचं फिरतं प्रदर्शन उघडलं, ज्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. ते अठ्ठ्याण्णव.

सर चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. “म्हणजे आपण आजवर एकही काम पूर्ण केलेलं नाही?”

मी बघितलं. प्रत्येक प्रकल्पात एखाद-दुसरं कार्ड उघडं होतं, वांगी रंगाचं. ‘मागच्या फळीचा डावा कोपरा रंगवणे.’ ‘झाकणाच्या आतल्या एका स्क्रूला पॉलिश करणे.’ ‘पायाखाली रंगाचा शेवटचा हात.’

“हे असलं किरकोळ कधीच झालं असणार,” सर म्हणाले. “टिक करायची राहिली असेल. उद्या बाई येतायत, सगळ्यांवर टिक करून टाक.”

मी सगळी वांगी कार्डं एकदम निवडली आणि एक बटण दाबलं. ओळीनं पणत्या लागाव्यात तसे गोल हिरवे होत गेले. सरांनी माझी पाठ थोपटली. एवढ्यावर मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण हात दाखवून अवलक्षण करायची मला जुनी हौस. मी तडक वर्कशॉपमध्ये गेले.

“ताई, तुमचे ते काळे ठिपके एकदाचे मिटवले. आता सगळं शंभर टक्के.”

ताई एक फळी घासत होत्या. त्यांचा हात थांबला. “सगळे?”

“सगळे.”

ताई हळूच स्टुलावर बसल्या. “इम्तियाज,” त्यांनी हाक मारली, “पाणी आण रे जरा.”

मला वाटलं त्यांना चक्कर आली. पण पाणी आलं तेव्हा त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “पी. मग सांगते.” मी प्यायले.

“तीट होती ती, शलाका.”

“काय?”

“तीट. बाळाला लावतात ती.” ताईंनी गालावर बोट टेकवून दाखवलं. “आमचं पहिलं मोठं काम, सूर्यमाला. महिनोन् महिने खपलो होतो. निघायच्या दिवशी शेजारच्या कारखान्याचा मालक बघायला आला. चहूबाजूंनी फिरला आणि म्हणाला, वा, नाव ठेवायला जागा नाही. त्याच दुपारी कसारा घाटात टेम्पो कलंडला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही, पण शनीची कडी गेली दरीत. आजही तिथंच असेल.”

“दोर ढिला असेल, ताई.”

“साहेबही तेच म्हणाले. दोर ढिला होताच, मी कुठं नाही म्हणते? पण तेव्हाच मी ठरवलं, आपल्या कामात नाव ठेवायला जागा ठेवायची. आपण ठेवायची, आपल्या हातानं, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी. एखादा कोपरा, एखादा स्क्रू. त्याचं कार्ड लिहायचं, काळा ठिपका लावायचा आणि ते कधी बंद करायचं नाही. त्यानंतर आपला एक टेम्पो कलंडलेला नाही.”

मी इम्तियाजभाईंकडे पाहिलं. वाटलं, निदान यांना तरी हसू येईल.

“मी असलं काही मानत नाही हां,” ते घाईघाईनं म्हणाले. “पण माझी पण एक वायर असते.”

“आणि सरांना हे माहीत नाही?”

“त्यांना कोण सांगणार?” ताई म्हणाल्या. “तू सांगतेस?”

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मी तेव्हा फारच नवी होते. “मी ती कार्डं परत उघडते,” मी म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे.”

“मग ते गोल?”

“परत नव्व्याण्णव.”

ताईंनी वर्कशॉपभर नजर फिरवली. कुणी रंधा पुसून ठेवत होतं, कुणी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत होतं. त्यातल्या बहुतेकांना त्यांनीच हातात पहिली पटाशी दिली होती.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आधी माणसांची जागा राहू दे. ठिपक्यांचं नंतर बघू.” आणि मी निघाले तेव्हा मागून म्हणाल्या, “उद्या घाटाकडे मात्र कुठली गाडी पाठवू नका म्हणावं.”

शनिवारी टिळेबाई वेळेच्या आधीच आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. सरांनी खुर्ची पुढे केली तर त्यांनी ती उलटी करून तिची खालची बाजू पाहिली. खुर्ची आमच्याच वर्कशॉपची होती. “चांगली आहे,” बाई म्हणाल्या आणि मग बसल्या.

सरांनी पडदा लावला. हिरवे गोल एकामागून एक सरकत गेले. सर रंगात आले होते. बाई शांतपणे बघत होत्या.

“सगळं शंभर टक्के?” त्यांनी विचारलं.

“सगळं.”

“कोठावदे, माझा जन्म शाळेत गेला. सगळ्या विषयांत शंभर टक्के घेणारं पोर मी एकदाच पाहिलं. ते कॉपी करत होतं.”

सर मोठ्यानं हसले. मी हसायच्या बेतात होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तो उचलणं माझं काम होतं.

“भामरे बोलतोय, कळवणहून, मुख्याध्यापक,” पलीकडून आवाज आला. भामरे सर फोनवर बोलताना कळवण ते नाशिक हे अंतर आवाजानंच कापायचे, त्यामुळे खोलीत सगळ्यांना ऐकू जात होतं. “अहो म्याडम, काल तुमचा मेल आला ना. लिहिलंय, आपला प्रकल्प पूर्ण झाला, शेवटचं काम, मागच्या फळीचा डावा कोपरा रंगवणे. आला का मेल? आला. मी आमच्या शिपायाला पाठवलं मागं बघायला. कोपरा कोराच आहे ना. इकडं कोणी आलं नाही, गेलं नाही. मग रंगवला कोणी?”

सूनबाईंची दुसरी खोड मला त्या क्षणी कळली. शेवटच्या कार्डावर टिक झाली की ती ग्राहकाला आपण होऊन आनंदाची बातमी कळवायची. आदल्या दिवशी मी जेवढे गोल हिरवे केले होते, तेवढ्या बातम्या गावोगाव पोचल्या होत्या.

“सर, मी नंतर फोन करते,” मी कसंबसं म्हणाले.

“थांब गं मुली,” टिळेबाई म्हणाल्या. “तो फोन इकडे दे. नमस्कार, मी वत्सला टिळे. यांचं काम कसं आहे तुमच्याकडे?”

“काम ना? काम झकास आहे हो बाई. इतकी वर्षं झाली, पोरं रोज लटकतात त्याला, एक खिळा हलला नाही. त्याबद्दल तक्रारच नाही. पण खोटं कशाला लिहायचं? कोपरा राहिला तर राहिला म्हणा ना.”

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. धुळ्याचं संग्रहालय. तिथले अधिकारी फार सभ्य. “आपला ईमेल मिळाला,” ते म्हणाले. “पॉलिश केलेला स्क्रू नेमका कोणता, ते कृपया सांगावं. आमचे दोन कर्मचारी अर्ध्या तासापासून प्रदर्शनाखाली आडवे झालेत.”

सरांचा चेहरा आता बघवत नव्हता. “शलाका,” ते हळू आवाजात म्हणाले, “हा काय प्रकार आहे?”

मी दाराकडे पाहिलं. सुमनताई तिथं उभ्या होत्या. चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या आणि दोन्ही फोन त्यांनी ऐकले होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. घाट, कडी, कोपरे, स्क्रू, काळा ठिपका. काही लपवलं नाही, माझं नाव मध्ये आणलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. इम्तियाजभाईंच्या वायरबद्दल मात्र गप्प राहिल्या.

“तीट,” सर म्हणाले. “विज्ञान शिकवणाऱ्या वस्तूंना तीट. इतकी वर्षं, माझ्या नाकाखाली.” त्यांचा आवाज चढत नव्हता, उतरत होता, आणि ते जास्त वाईट होतं. मग त्यांना काहीतरी आठवलं. “अंधश्रद्धेच्या प्रदर्शनालासुद्धा?”

“त्याला दोन लावल्या, साहेब,” ताई म्हणाल्या. “त्याच्यावर तुमचा फार जीव ना.”

एक विचित्र आवाज आला. टिळेबाई हसत होत्या. तोंडाला रुमाल लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, शाळेत ज्यांच्या हसण्यावर बंदी असेल अशी माणसं हसतात तशा हसत होत्या.

“सुमनताई नाव ना तुमचं?” डोळे पुसून त्यांनी विचारलं. “तुमचं हे राहिलेलं सगळं कुठं कुठं आहे, ते तुम्हाला सांगता येईल?”

“न बघता सांगते.”

“आणि याशिवाय दुसरं काही राहिलंय का कुठं?”

“नाही, बाई.” ताईंनी मान वर केली. “याशिवाय काही नाही.”

बाईंनी चहाचा कप उचलला. “मी तीन इमारती बांधून घेतल्या, कोठावदे. काम अर्धं टाकून पूर्ण झालं म्हणणारे ठेकेदार मी ढिगानं पाहिले. पूर्ण करून अर्धं आहे म्हणणारे आज पहिल्यांदा पाहतेय.” त्यांनी एक घोट घेतला. “काम तुमचं. पण माझ्या दालनात मला तीट चालणार नाही. तिथं पोरांना विज्ञान शिकवायचंय. सगळं पूर्ण हवं, मागची फळीसुद्धा. सुमनताई, याचा शब्द मला तुम्ही द्या. यांचा नको, तुमचा.”

ताईंना काम मिळाल्याचा आनंद झालेला दिसत होता आणि त्याच वेळी कुणी काळजाला चिमटा काढल्यासारखंही दिसत होतं. त्या बराच वेळ ट्रेकडे बघत राहिल्या. बाहेर वर्कशॉपमध्ये करवत चालू होती.

“दिला,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे आले. सर दुपारभर ताईंशी बोलले नाहीत, आणि संध्याकाळी जाताना म्हणाले, “सुमनताई, दोर ढिला होता.” ताई म्हणाल्या, “हो साहेब.” इतक्या वर्षांच्या भांडणाचा तेवढाच निकाल लागला. सोमवारी मी सगळी कार्डं पुन्हा उघडली, तेव्हा अख्खं वर्कशॉप माझ्या मागं उभं होतं. एकेक गोल नव्व्याण्णववर आला की कुणीतरी टाळी वाजवायचं. सरांनी ते आपल्या काचेच्या केबिनमधून पाहिलं आणि पाठ फिरवली. वांगी रंग ताईंच्या मनाला लागून राहिला होता, म्हणून इम्तियाजभाईंनी कीबोर्डावर कुठूनतरी एक काळा गोल शोधून काढला आणि मी तो प्रत्येक कार्डाच्या नावापुढं टाकला. भामरे सरांनी मात्र आमची वाट न बघता त्यांच्या चित्रकलेच्या मास्तरांकडून कोपरा रंगवून घेतला, आणि ताईंना गुपचूप एक दिवस कळवणला जाऊन दुसरा कोपरा खरवडून यावं लागलं. त्यानंतर कंपनीनं आणखी दोनदा सॉफ्टवेअर बदललं. दोन्ही वेळा विकायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारला, काळा रंग आहे का.

टिळेबाईंचं काम वर्षभर चाललं. बाई घरी बसून सूनबाईंमध्ये डोकावायच्या आणि रोज एक तरी प्रश्न लिहायच्या. ताईंनी शब्द तंतोतंत पाळला. मागच्या फळ्या, झाकणांच्या आतल्या बाजू, पायांचे तळ, सगळं रंगवलं, सगळं घासलं. पण जसजसा गोल भरत गेला, तसतशा ताई उतरत गेल्या. टेम्पोचे दोर त्या स्वतः ओढून बघायच्या, ड्रायव्हरला दहा सूचना द्यायच्या, आणि माल पोचल्याचा फोन येईपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांचा डबा जसाच्या तसा परत जायला लागला. “भूक नाही गं,” म्हणायच्या. सर येता-जाता त्या डब्याकडे बघायचे.

उद्घाटनाच्या सकाळी दालन असं दिसत होतं की बघणारा दारातच थांबायचा. आलेले पाहुणे तेच म्हणत होते, नाव ठेवायला जागा नाही. हे वाक्य जितक्यांदा कानावर पडायचं तितक्यांदा ताई छताकडे बघायच्या, वर टांगलेल्या ग्रहांकडे.

बाईंना पूर्ण हिरवा गोल दाखवावा म्हणून मी कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर सूनबाई उघडली. गोल नव्व्याण्णववर होता. आदल्या संध्याकाळी तो मी माझ्या डोळ्यांनी भरलेला पाहिला होता. मी आत शिरून बघितलं. एक कार्ड नवीन होतं. रंग वांगी. नावापुढं काळा गोल टाकायचा प्रयत्न केलेला, पण ज्यानं केला त्याला तो कुठं मिळतो ते माहीत नसावं, म्हणून त्यानं साधा पूर्णविराम टाकला होता.

‘. प्रवेशद्वारावरच्या पाटीचा चौथा स्क्रू बसवणे.’ जबाबदारी: हेमंत कोठावदे.

सर दाराशी उभे होते, नवीन सदरा घालून, एक हात खिशात. मी त्यांच्याजवळ गेले.

“सर, एक कार्ड उघडं राहिलंय.”

“असं?”

“तुमच्या नावावर आहे.”

“बघू सवडीनं,” सर म्हणाले. त्यांचा खिशातला हात काहीतरी फिरवत होता.

“सर, पण आपण बाईंना शब्द दिला होता.”

“शब्द सुमनताईंनी दिला होता. त्यांनी तो पाळला.” सर पाहुण्यांकडे बघून हसले, मान झुकवली आणि मग तसंच समोर बघत मला म्हणाले, “मी कुठं दिला होता?”

“तुमचा विश्वास आहे यावर?”

“छे. काडीचा नाही.”

“मग?”

“चार दिवस झाले, बाई जेवलेली नाही.” सर पहिल्यांदाच सुमनताईंना ताई सोडून काहीतरी म्हणाले. त्यांचा आवाज घरच्या माणसाबद्दल बोलावा तसा झाला होता.

“टिळेबाईंना कळलं तर?”

“त्या सकाळीच आल्या होत्या. पाटीवरून हात फिरवला, त्या भोकावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं.” सरांनी दारावरच्या झेंडूच्या तोरणाकडे हनुवटी केली. “आणि तोरण थोडं खाली ओढून घेतलं. जा, दाखव जा त्यांना.”

मी ताईंकडे गेले. त्या पृथ्वीच्या खाली उभ्या राहून शनीकडे बघत होत्या. मी मोबाइल पुढं धरला. त्यांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं, मग खालचं नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग गर्दीतून वाट काढत दाराशी गेल्या, तोरणाची एक माळ बोटानं बाजूला केली आणि पाटीच्या कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिल्या. सर शेजारीच उभे होते, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ताईंनी माळ पुन्हा जागेवर नीट बसवली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते आणि चेहरा पार उजळला होता.

“शलाका,” त्या म्हणाल्या, “जेवायला काय केलंय गं यांनी?”